गाडीला लेदर बॅग घ्यायचीय, पण राहतोय कोकणात

घाटावरचा माणूस मोटरसायकलच्या बाजूला लावायची लेदर बॅग घेताना बजेट बघतो, आपल्याला आधी बुरा म्हणजे बुरशी बघावी लागते. मी गुहागरचा, आठवड्यातनं दोन-तीनदा धोपाव्याहून फेरीबोटीत गाडी घालून दाभोळ आणि पुढे दापोली, आणि सहा वर्षांत तीन बॅगा झाल्यात.

पहिली ऑनलाइन घेतली, 'जेन्युइन लेदर' लिहिलेली. निघाली बॉन्डेड, म्हणजे चामड्याचा चुरा गोंदात दाबून वर प्लास्टिकचा थर. दुसऱ्या गणपतीला फ्लॅप उन्हात भाजलेल्या पाठीसारखा सोलायला लागला. ही घेऊच नका. कापलेली कड बघा, तंतू दिसले पाहिजेत, कडेला जाड रंग फासून झाकलं असेल तर संशय घ्या.

खरी निवड व्हेज टॅन की क्रोम टॅन, म्हणजे चामडं झाडाच्या सालीने कमावलेलं की क्रोमियमच्या क्षाराने, एवढीच आहे.

व्हेज टॅन म्हणजे कोल्हापुरी चपलेचं चामडं कमावतात तसं, बाभळीची साल, हिरडा वगैरे वापरून. माझी दुसरी बॅग ही, जवळपास 4 मिलिमीटर जाड, रिकामी असली तरी ताठ उभी राहते आणि रंग दरवर्षी गडद होत जातो, दिसायला हिला तोड नाही. पण पाणी पिते, आणि ओली असताना गरम लागलं की संपलं. साधारण 70-85 डिग्रीला हे चामडं आखडतं, क्रोम 100 च्या आसपास तग धरतं. माझी भिजलेली बॅग सायलेन्सरला टेकून राहिली आणि खालचा कोपरा पापडासारखा वळला, तो आजपण तसाच आहे.

क्रोमवाली तिसरी. भिजून वाळली तरी मऊच राहते, बुरा हिलापण येतो पण फडक्याने पुसला की जातो. मात्र आत पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा नसेल तर लोंबते. डावीकडे साडीगार्ड असतो म्हणून निभावतं, उजवीकडे स्टे, म्हणजे बॅग चाकापासून लांब धरणारी लोखंडी दांडी, लावूनच घ्या नाहीतर चाकात जाईल.

आता बकल, कारण खाऱ्या हवेत चामड्याआधी हेच मरतं. पहिल्या बॅगेचं बकल दाभोळच्या जेट्टीवर पक्कडीने तोडावं लागलं होतं, आत कागद आणि मागे हॉर्न मारणारा टेम्पो. लोहचुंबक चिकटला तर सोडा, पण न चिकटणारं सगळं पितळ नसतं, जस्ताचंपण असतं आणि ते कटकन मोडतं, मागून हळूच ओरखडा काढून पिवळं दिसतंय का बघा. व्हेज टॅनला लोखंडी रिवेट तर नकोच, सालीतनं चामड्यात उतरलेलं टॅनिन आणि लोखंड ओलं होऊन भेटले की शाईसारखा काळा डाग पडतो, निघत नाही. शिवण नायलॉन किंवा पॉलिस्टरची, सुती दोरा कुजतो.

घरात आहे म्हणून खोबरेल चोपडू नका, चामडं ढिलं पडतं आणि लाल धूळ धरतं. थोडं मेण पुरे.

बॅग बाराही महिने गाडीवरच राहणार असेल तर क्रोम. जूनला काढून ठेवायची शिस्त असेल तर डोळे मिटून व्हेज टॅन, मी परत तीच घेईन. आणि बाराही महिने त्यात कागदपत्रं न्यायची असतील तर लेदरचा नाद सोडा, ताडपत्रीची तोंड गुंडाळून बंद करायची बॅग घ्या.

दुकानात बॅग गाडीवर चढवून काढून बघा. माझ्या दुसरीला सीटखालून तीन वाद्या आहेत, सीट खोलल्याशिवाय सुटत नाहीत, म्हणून तर ती जुलैत गाडीवर राहिली.