ख्रिसमस पुडिंग मुरवायला वाडगा कोणता: चिनी मातीचा की झाकणाचा प्लास्टिकचा?

इंग्लंडात घरी ख्रिसमस पुडिंग (सुकामेवा आणि ब्रँडी घालून वाफवलेला गोड पदार्थ) करणारे पुष्कळजण ते स्टर-अप संडेला, म्हणजे ॲडव्हेंट (ख्रिसमसआधीच्या चार रविवारांचा काळ) सुरू होण्याच्या आदल्या रविवारी करतात. तिथून २५ डिसेंबरपर्यंत ते महिनाभर मुरतं. काहीजण तर सप्टेंबरातच करून ठेवतात. कृती ज्याची त्याची ठरलेली असते, त्यामुळे त्यात शिरत नाही. पहिल्यांदा करणारा अडतो तो वाडगा घेताना, कारण ज्या वाडग्यात पुडिंग वाफवायचं त्यातच ते पुढे ठेवायचंही असतं. मी दोन्ही वापरले आहेत आणि आता चिनी मातीचाच काढतो. तरी प्लास्टिकचा वाडगा वाईट, असं मी म्हणणार नाही.

प्लास्टिकची सोय मोठी आहे. झाकण दाबलं की काम झालं. अधूनमधून चमचाभर ब्रँडी घालायची तर झाकण उचला, घाला, पुन्हा दाबा. चिनी मातीच्या वाडग्याला हे सगळं हाताने करावं लागतं. आधी बेकिंग पेपर, त्यावर फॉइल, पुडिंग फुगायला जागा राहावी म्हणून दोन्हींत मधोमध बोटभर निरी, आणि मग काठाखाली दोरा आवळायचा. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसंच. गाठ मारताना दोऱ्यावर बोट धरायला दुसरं कोणी असलं तर बरं. ब्रँडी घालायची म्हटलं की दर वेळी ही गाठ सोडा आणि पुन्हा बांधा. घाईच्या माणसाला याचा कंटाळा येणं मला समजतं.

माझा निर्णय झाला तो झाकणाच्या कडेला असलेल्या खाचेमुळे. मोठं पुडिंग आठेक तास वाफवलं की झाकणाच्या आतून थेंब जमतात. ते पुसता येतात, पण कडेच्या खाचेत शिरलेल्या पाण्यापर्यंत फडक्याचं टोक पोचत नाही. शिवाय पुडिंग वरून गार लागलं तरी मध्यभागी बराच वेळ ऊब धरून असतं. रात्री कोरडं करून झाकलेलं झाकण सकाळी उचलावं तर आतून पुन्हा ओलं. हा प्रकार दिसायला किरकोळ आहे, पण टिकण्याचा सगळा प्रश्न याच पाण्याशी येऊन थांबतो. पुडिंग टिकतं ते साखर, मनुका-बेदाणे आणि ब्रँडीच्या जोरावर. आतलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं, बुरशीला मोकळं मिळत नाही. वरून थेंब पडला की तेवढ्या जागेची साखर पातळ होते आणि बुरशीला वाट मिळते.

कागदाला खाच नसते. वाफवून झालं की ओला कागद आणि फॉइल काढून टाकायची, पुडिंग पूर्ण गार होऊ द्यायचं आणि कोरडा कागद नव्याने बांधायचा. उद्या शंका आली तर परत नवा. मला स्वस्थता मिळते ती याने. फक्त फॉइल थेट पुडिंगला लागू देऊ नका. फळांच्या आंबटपणाने ॲल्युमिनियमला बारीक भोकं पडतात, म्हणून मध्ये कागद हवाच.

वासाचंही थोडं आहे. पुडिंगात घालतात त्या स्युएटचा, म्हणजे गुरांच्या चरबीचा, तेलकटपणा आणि मसाल्याचा वास माझ्या प्लास्टिकच्या वाडग्यात पुढच्या वर्षापर्यंत राहिला. चिनी मातीचा गरम पाण्याने स्वच्छ होतो. सगळ्याच प्लास्टिकचं असं होत असेल असं नाही.

जागेच्या बाबतीत दोघांत फरक नाही. गार, कोरडं, अंधारं कपाट हवं. हीटिंगच्या पाइपांजवळचं नको आणि ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीचंही नको. घर सतत उबदार असेल तर सरळ फ्रिज. ताजं सफरचंद किंवा गाजर भरपूर घातलं असेल, तर मी कपाटाच्या भरवशावर न राहता फ्रीझरमध्ये ठेवेन, आणि तिथे मात्र प्लास्टिकच बरा.

पुडिंग भारतात न्यायचं असेल तरीही प्लास्टिकच घ्या. सामानात तो हलका पडतो आणि फुटत नाही. मुंबईत डिसेंबरातही दुपारी तिशीच्या आसपास तापमान असतं, तेव्हा पोचल्यावर फ्रिजमध्येच ठेवा. आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम करणार असाल तर फॉइल आधी काढावी लागते, प्लास्टिकवाल्यांना तेवढंही काम नाही.

पण पुडिंग घरीच राहणार असेल आणि महिनाभर मुरणार असेल, तर माझं मत चिनी मातीच्या वाडग्याला. घेताना काठाखाली बोट फिरवून बघा. तिथे ठळक कड हवी, नाहीतर दोरा वर सरकतो. चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, जुने वाडगे स्वस्तात मिळतात. त्यात आतल्या झिलईवर केसासारख्या चिरा असतील तर तो घेऊ नका. चरबी त्या चिरांत शिरते आणि वास जात नाही.