इंदूरच्या विजय नगरातलं भाड्याचं ट्रेडिंग डेस्क : राजीनाम्याआधी घेऊन पाहावं का?

आधी मत सांगून टाकतो. नोकरी सोडून पूर्णवेळ ट्रेडिंग करायचं की नाही, हे ठरवण्यासाठी हे डेस्क, म्हणजे शेअर बाजारात सौदे करायला भाड्याने मिळणारी बसायची जागा, उपयोगाचं आहे, पण नोकरी हातात असताना, रजा टाकून. राजीनामा देऊन मग दर महिन्याला भाडं भरत बसण्यासारखं त्यात काही नाही. जागेचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. खालच्या तपासण्या अशा कुठल्याही जागेला लागू पडतात.

भाडं महिन्याला ६,५०० रुपये. वर १८ टक्के जीएसटी धरला की ७,६७० होतात. अनामत एका महिन्याची. पंधरवड्याचा पास ३,८०० अधिक जीएसटी. त्यात २४ इंची दोन स्क्रीन, बऱ्यापैकी वेगवान कॉम्प्युटर, कुलूपबंद कप्पा आणि चहा. खुर्च्या चांगल्या आहेत, आणि सव्वानऊ ते साडेतीन एका जागी बसायचं तर ते महत्त्वाचंच. दरवाजा साडेआठला उघडतो. सुदामा नगर किंवा लोकमान्य नगराकडून येणाऱ्याने नऊच्या आत पोहोचायचं धरून निघावं, कारण प्री-ओपन, म्हणजे बाजार उघडण्याआधीचं छोटं सत्र, नऊला सुरू होतं आणि धापा टाकत येऊन पहिला सौदा करणं घातक.

इंटरनेटच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबर लाइन आहेत. ही जागेची सर्वात जमेची बाजू. तरी पैसे भरण्याआधी पावणेनऊला जाऊन मुख्य लाइनची वायर काढून दाखवायला सांगा. दुसरी लाइन लागायला अर्धा-पाऊण मिनिट जातं. तेवढ्यात चार्ट गोठतो, आणि कधी कधी तो पुन्हा चालू झालेला दिसतो तरी ऑर्डरची खिडकी जुन्याच सेशनवर अडकलेली असते. म्हणून ब्रोकरचं ॲप मोबाइल डेटावर उघडं ठेवायचं आणि ब्रोकरचा फोनवर ऑर्डर घेणारा नंबर कागदावर लिहून ठेवायचा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतात, एसी नाही. मे महिन्यात हे जाणवेल.

लाइन जाण्यापेक्षा जास्त नुकसान करणारी गोष्ट डेस्कच्या हातात नाही, पण ती इथे स्पष्ट दिसते, म्हणून लिहितो. बरेच जण स्टॉपलॉस, म्हणजे तोटा जिथे तोडायचा तो भाव, मनात ठेवतात, नाहीतर चुकीचा लावतात. एनएसईने (राष्ट्रीय शेअर बाजाराने) २०२१ च्या सप्टेंबरात ऑप्शनमधली (ठरलेल्या मुदतीच्या, ठरलेल्या भावाच्या हक्काच्या सौद्यातली) स्टॉपलॉस-मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला सुटका करणारी ऑर्डर, बंद केली. आता ट्रिगर (जिथे ऑर्डर जागी होते) आणि लिमिट (ज्याखाली विकायचं नाही) असे दोन्ही भाव द्यावे लागतात. समजा १२० ला घेतलेल्या ऑप्शनवर ट्रिगर १०५ आणि लिमिट १०३ दिली. एक्स्पायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याच्या दिवशी, दुपारी भाव १०६ वरून एकदम ९९ वर आला, तर ट्रिगर लागतो, ऑर्डर बाजारात जाते आणि १०३ ला घेणारा नसल्याने तशीच पडून राहते. मग भाव ७० झाला तरी पोझिशन (घेतलेला सौदा) उघडीच. एक्स्पायरीच्या दिवशी ट्रिगर आणि लिमिटमध्ये दोन रुपयांचं नव्हे, आठ-दहा रुपयांचं अंतर लागतं. थोडा जास्त तोटा मान्य करायचा, पण सुटका नक्की करायची.

आता उणी बाजू. खोलीत बोलणं फार चालतं. शेजारी “कॉल घेतला” (भाव वाढेल यावरचा ऑप्शन) म्हणाला की तीन माणसं कारण न विचारता कॉल घेतात. डेस्कचा स्वतःचा टेलिग्राम ग्रुप आहे, त्यात भरती होऊ नका. सल्ला देणाऱ्याकडे सेबीची (शेअर बाजाराच्या नियामक संस्थेची) नोंदणी लागते. रिसर्च ॲनालिस्टचा नंबर ‘आयएनएच’ ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ ने, आणि दोन्ही सेबीच्या वेबसाइटवर नावासकट तपासता येतात. सेबीच्या आदेशांत टिप्स देणाऱ्या कंपन्यांमुळे इंदूरचं नाव इतक्या वेळा आलंय की इथल्या माणसाने तरी ही तपासणी चुकवू नये. “आमच्या खात्यात करा, मार्जिन दहापट देतो” असं कुणी कानात सांगितलं तर तो डब्बा आहे, म्हणजे बेकायदा खाजगी सट्टा. त्यात कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरची सौद्यांची अधिकृत पावती) येत नाही, दिवसअखेर एक्स्चेंजचा सौद्यांचा एसएमएस येत नाही, आणि पैसे बुडाले तर तक्रार करायला जागा उरत नाही, कारण तो सौदा एक्स्चेंजवर झालेलाच नसतो.

डेस्कचं भाडं महाग वाटतं, पण खरा खर्च सौद्यांचा आहे. निफ्टी ऑप्शनचे दोन लॉट (ठरलेल्या संख्येचे गठ्ठे), ६५ च्या हिशेबाने १३० युनिट, १२० ला घेऊन १२६ ला विकले असं धरू. दोन्ही ऑर्डरचं ४० रुपये ब्रोकरेज, विक्रीवरचा एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर), एक्स्चेंजचं शुल्क, स्टँप ड्यूटी आणि जीएसटी मिळून खरेदी-विक्रीच्या एका फेरीला सुमारे ८५ रुपये जातात. एसटीटी २०२४ च्या ऑक्टोबरात प्रीमियमच्या (ऑप्शनच्या भावाच्या) ०.०६२५ टक्क्यांवरून ०.१ टक्का झाला, आणि एप्रिल २०२६ पासून ०.१५ टक्के. हे दर बदलत राहतात, म्हणून आकडा आपल्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरून काढावा. दिवसाला सहा फेऱ्या आणि महिन्याला वीस दिवस म्हणजे १२० फेऱ्या, म्हणजे साधारण दहा हजार रुपये. डेस्कच्या भाड्याहून जास्त, आणि यात स्लिपेज (हवा असलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक) धरलेलंच नाही. जाता-येता एकेक रुपया भाव चुकला तर प्रत्येक फेरीत २६० रुपये गेले, तीनपट!

पगाराची जागा भरून काढण्याचं गणित मांडताना बहुतेक जण चुकतात. घरखर्च ५५,०००, डेस्क ७,६७०, कुटुंबाचा आरोग्य विमा महिन्याला २,५०० धरला तर ६५ हजारांच्या वर जातं, म्हणजे वर्षाला ७ लाख ८० हजार. भांडवल १० लाख असेल तर ही वर्षाला ७८ टक्के कमाई झाली, तीही कर भरण्याआधी. ४० लाख असेल तर साडेएकोणीस टक्के, आणि तेही दरवर्षी मिळवणं सोपं नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या (फ्यूचर आणि ऑप्शनमधल्या) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला, सरासरी माणशी सुमारे २ लाख. खर्च वजा जाता १ लाखाहून जास्त नफा फक्त १ टक्का लोकांना झाला. घरात हा विषय निघेल तेव्हा आई-बाबांना हा आकडा आपणच आधी सांगावा.

डेस्क घ्यायचं तर असं घ्या. दहा अर्जित रजा दोन आठवड्यांत टाका, म्हणजे दोन मंगळवार आणि दोन गुरुवार पदरात पडतात. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी मंगळवारी आणि सेन्सेक्सची गुरुवारी असते. या दिवसांत एकच लॉट. रोज सौद्याआधी कारण, स्टॉप आणि जोखमीचे रुपये वहीत लिहायचे, संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोटशी ताळा करायचा. दहा दिवसांत नफा झाला की तोटा, यावरून काहीच ठरत नाही. तेवढ्यासाठी सौदे फार थोडे असतात. पाहायचं ते हे, की तोट्याचा दिवस संपवून कॉम्प्युटर बंद करता येतो की नाही, आणि रिकामं बसवतं की नाही. १०० पैकी ४५ सौदे जिंकणाऱ्या पद्धतीत, वर्षाला २५० सौदे धरले तर कुठेतरी सलग ८ तोटे येण्याची शक्यता सुमारे ६० टक्के असते. प्रत्येक सौद्यात १ टक्का जोखीम असेल तर भांडवल ८ टक्क्यांच्या आसपास घटतं. ३ टक्के असेल तर जवळपास २२ टक्के, आणि ते भरून काढायला २८ टक्के कमवावे लागतात, तेही घरखर्च त्याच खात्यातून चालू असताना. म्हणून १८ महिन्यांचा घरखर्च, वरच्या हिशेबाने ९ लाख ९० हजार, ट्रेडिंगच्या खात्याबाहेर वेगळा हवा.

राजीनाम्याच्या पत्राआधी वैयक्तिक आरोग्य पॉलिसी हातात घ्या. कंपनीचं ग्रुप कव्हर नोकरीबरोबर जातं, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. गृहकर्ज घ्यायचं असेल तर पगाराच्या स्लिपा चालू असताना घ्या. एफ अँड ओची कमाई धंद्याची कमाई धरतात, रिटर्न आयटीआर-३ मध्ये जातं. डेस्कचं भाडं त्यात खर्च म्हणून दाखवता येतं, म्हणून बिल आपल्या नावावर मागा. इथे ते मागितल्याशिवाय देत नाहीत. एफ अँड ओचा तोटा पगारातून वजा होत नाही, मात्र रिटर्न वेळेत भरलं तर आठ वर्षं पुढे नेता येतो. टीडीएस कापणारं कुणी नसल्याने ॲडव्हान्स टॅक्सच्या तारखा आपल्याच डोक्यावर : १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च.

काही जणांना हे डेस्क उपयोगाचंच नाही. एमसीएक्सवर (कमोडिटी एक्स्चेंजवर) सोनं-चांदी किंवा कच्चं तेल करणाऱ्यांची खरी हालचाल संध्याकाळनंतर असते, आणि इथे पाचला कुलूप लागतं. ब्रोकरच्या एपीआयला जोडलेल्या प्रोग्रॅमने आपोआप सौदे करणाऱ्यांना (अल्गो) ब्रोकरकडे स्वतःचा स्थिर आयपी, म्हणजे इंटरनेटचा न बदलणारा पत्ता, नोंदवावा लागतो. दहा अनोळखी माणसांचा सामायिक आयपी त्याला चालत नाही. केंद्र सरकारी नोकरीत असलेल्यांनी तर रजेचा प्रयोगही करू नये, कारण त्यांच्या आचरण नियमांत शेअर्सची वारंवार खरेदी-विक्री सट्टा मानली जाते.

पंधरवड्याचा पास घेताना खिडकीकडची रांग टाळा, दुपारी दोननंतर स्क्रीनवर ऊन येतं. मागच्या भिंतीजवळची चार आणि पाच नंबरची जागा मागा. तिथून शेजाऱ्याची स्क्रीन दिसत नाही. अनामत परत करण्याची मुदत पावतीवर लिहून घ्या. तोंडी सात दिवस सांगतात, पावतीवर काहीच नसतं.