तीन स्टार, त्यातले दोन सोनोग्राफीवाल्या ताईंचे

सेंटरचं नाव लिहीत नाही, पुण्यातलंच आहे, रिपोर्ट चांगले असतात म्हणून डॉक्टरांनी पाठवलं. मला लहानपणी पोलिओ झालेला, व्हीलचेअर वापरते, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारलं तर "हो मॅडम, रॅम्प आहे". आहे खरा, पण १ फूट चढायला निदान १२ फूट लांबी लागते आणि हा जेमतेम ४ फुटांचा, स्कूटर चढवायला करतात ना तसला. भाऊ आणि वॉचमनकाकांनी मिळून ढकललं.

काउंटरवर सगळे प्रश्न भावाला. "यांना शुगर आहे का?" अहो मी इथेच बसलीये! २०१६ च्या दिव्यांग कायद्यात कलम २५ आहे, त्यात प्रायव्हेट हॉस्पिटलं, सेंटरं पण येतात आणि दिव्यांगांना आधी घ्यायचं असं लिहिलंय, म्हणून मी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) पुढे केलं तर ती मुलगी म्हणते, "मॅडम यावर डिस्काउंट नाही मिळत." डिस्काउंट मागितला कोणी??

बरं, पोटाची सोनोग्राफी, म्हणजे ब्लॅडर फुल पाहिजे. पाच ग्लास पाणी प्या म्हणाले, प्यायले, आणि नंबर लागला दीड तासाने.

आतल्या ताई मात्र एक नंबर. दोन वॉर्डबॉय मला उचलायला धावले, त्यांना थांबवून आधी मला विचारलं, तुम्ही नेहमी कशा शिफ्ट होता, कुठल्या बाजूने जमतं? मग बटण दाबून टेबल पार खुर्चीच्या लेव्हलला आणलं, मी आपली आपण सरकले. इतकी वर्षं तपासण्या करतेय, टेबल खाली येतं हे मला त्या दिवशी कळलं, आजवर सगळीकडे गोणीसारखं उचलूनच ठेवलंय.

आणि मग टॉयलेट. साधं आहे त्याच्या दारातून खुर्ची जात नाही, व्हीलचेअरचं चित्र लावलेलं आहे त्याला कुलूप, चावी ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले. उघडलं तर आत मॉप, फिनेलचे कॅन आणि एक मोडकं स्टूल. ते सगळं बाहेर काढेपर्यंत माझं काय झालं ते लिहीत नाही.

टेस्टसाठी परत जाईन, ताई आहेत तोवर. तुम्ही जाणार असाल तर चावी आधी हातात घ्या, पाणी नंतर प्या. पार्किंग नाहीये, रिक्षाच बरी.