वाकळ पुन्हा शिवायला घेताय? मशीन राहू द्या, ही हत्यारं बघा

बऱ्याच वर्षांनी वाकळ शिवायला काढली की पहिला विचार नव्या मशीनचा येतो. त्याची घाई नको. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत जुनं काळं मशीन आहे आणि सरळ टीप ते अजूनही उत्तम मारतं. वाकळ बिघडते ती तुकडे कापताना आणि थर सरकताना, त्यामुळे पैसे तिथंच घालावेत. शिवाय ही वस्तू दसऱ्याआधी भिजणार, पिळली जाणार, दगडावर आपटली जाणार. प्रत्येक हत्यार या धुण्याच्या हिशेबानंच पारखायला हवं.

सगळ्यांत जास्त फरक पाडतो रोटरी कटर. जपानच्या ओल्फा कंपनीनं १९७९ साली तो आणला. गोल पातं कापडावरून फिरवत न्यायचं. २८, ४५ आणि ६० मिलिमीटर अशी पाती मिळतात. पहिला कटर ४५ चाच घ्या. धारदार पातं सुती कापडाचे ४ थर सहज कापतं. दर वेळी ठरावीक जागी एखादा धागा तुटायचा राहत असेल, तर पात्याला तिथं खाच पडली आहे. बहुतेकदा टाचणीवरून फिरवल्यानं हे होतं. अशा वेळी जोर वाढवू नका, पातं बदला. बदलताना वॉशर आणि नट ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं मांडून ठेवा, नाहीतर पातं घट्ट बसतं आणि फिरतच नाही. कटर नेहमी अंगापासून दूर चालवायचा आणि हातातून खाली ठेवताना पातं झाकायचं, दर वेळी.

कटरसोबत कापडाखाली ठेवायची मॅट आणि जाड पट्टी लागतेच. मॅट स्टेशनरीच्या दुकानातली हिरवी, ए-२ मापाची, म्हणजे सुमारे ६० बाय ४५ सेंटिमीटरची पुरते. तिच्यावर इस्त्री फिरवू नका आणि ती उन्हात ठेवू नका. सांगलीच्या एप्रिलमध्ये खिडकीशी उभी ठेवलेली मॅट वाकते आणि मग पुन्हा सपाट होत नाही. पट्टीवर मात्र काटकसर करू नये. ६ बाय २४ इंचाची, ३ मिलिमीटर जाडीची पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पट्टी घ्या. पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीवर पातं चढतं आणि थेट बोटावर येतं. पट्टी सरकत असेल तर मागच्या बाजूला बारीक पॉलिश पेपरचे ४ तुकडे चिकटवा.

जुन्या लुगड्याचं कापड मऊ पडलेलं असतं, ते पट्टीखाली ताणलं जातं. कापण्याआधी साबुदाण्याची पातळ खळ देऊन इस्त्री केली की तेच कापड कागदासारखं कापता येतं. उरेब, म्हणजे तिरकं कापायचं असेल तर खळ हवीच. पण खळ दिलेले तुकडे महिनोन्‌महिने ट्रंकेत ठेवू नका, कसर लागते.

आता मशीनचा फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा भाग. पाव इंचाचा, म्हणजे दोन सुतांचा फूट शिलाई एकसारखी ठेवतो. त्याची परीक्षा सोपी आहे: अडीच इंच रुंदीच्या ३ पट्ट्या जोडा, दाबून इस्त्री करा, एकूण रुंदी साडेसहा आणि मधली पट्टी नेमकी २ इंच भरली पाहिजे. शिलाई अर्धं सूत जास्त गेली तर प्रत्येक जोडाला १ सूत कमी होतं. १२ तुकड्यांची ओळ जोडली की जवळजवळ दीड इंच गेला. हा फूट नाही घेतला तरी चालतं. सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टीचे ५-६ थर लावून कठडा केला तरी काम भागतं.

वॉकिंग फूटला मात्र असा पर्याय नाही. साध्या फूटखाली मशीनचे दाते खालचा थर ओढतात आणि वरचा मागं राहतो. वॉकिंग फूटला स्वतःचे दाते असतात, ते वरचा थरही बरोबरीनं पुढं नेतात. त्याचा दुबेळका दांडा सुईच्या स्क्रूवर बसला पाहिजे. तो खाली राहिला तर वरचे दाते हलत नाहीत आणि चुण्या पडतात. घेण्याआधी फूट खाली सोडून मशीनच्या पाट्यापासून फूटच्या स्क्रूपर्यंतचं अंतर मोजा: साधारण पाऊण इंच असेल तर लो शँकचा, म्हणजे आखूड दांड्याच्या मशीनचा फूट लागतो, सव्वा इंच असेल तर हाय शँकचा, म्हणजे लांब दांड्याचा. काळ्या मशीनचे दाते अरुंद असतात आणि बाजारातले बरेच वॉकिंग फूट रुंद दात्यांच्या झिगझॅग मशीनसाठी केलेले असतात. वरचे आणि खालचे दाते समोरासमोर येत नसतील तर तो फूट परत करा, कारण पैसे वाया जाण्याची खरी जागा हीच आहे. बसला तर टाका लांब ठेवा, इंचाला ७ ते ८. तुकडे जोडताना १०. आवाज जास्त होतो, वेगही कमी ठेवावा लागतो, त्यात बिघाड काही नाही. धक्क्यांनी स्क्रू सैल होतो, म्हणून बॉबिन बदलताना तो एकदा स्क्रूड्रायव्हरनं पिळून घ्या.

मशीनवर टिपा मधून कडेकडे मारायच्या. हातानं कडेकडून आत जायची सवय असते, पण मशीन कापड पुढं ढकलतं आणि तो फुगा मध्यभागी अडकून घडी पडते.

सुई १४ नंबरची जोडकामाला, १६ नंबरची थरांना. साधारण ८ तास शिवल्यावर बदलावी. हातकामाला दाभण नको, त्यानं विरलेल्या कापडाला भोकं पडतात. मोठ्या नेढ्याची लांब सुई बरी. ती थरांत अडकली की सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं धरून ओढा. हे सगळं साताऱ्यात खण आळीत किंवा सांगलीत मारुती रोडवर शिंपीसामानाच्या दुकानात मिळावं. अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटात घालायची टोपी, धातूचं, खोल खळग्यांचं घ्या.

खुणांसाठी साधा खडूच विश्वासाचा. पाण्यानं जाणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणेवर इस्त्री फिरली तर ती पक्की बसते. इस्त्रीनं उडणारी शाई गडद कापडावर पांढुरका माग ठेवते, आणि कापड खूप गारठलं तर ती परतही येते.

रंगीत क्लिपा गोट लावताना छान, पण थर धरून ठेवायला सेफ्टी पिनाच लागतात, मुठीमुठीच्या अंतरावर. पावसाळ्यात पिना लावलेली वाकळ तशीच गुंडाळून ठेवली तर गंजाचे डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत. काम अर्धवट थांबणार असेल तर पिना काढून कच्चे टाके घाला.