‘८००चीच आहे, बसणारच’ म्हणून गळ्यात मारलेली काच

नाशिकमध्ये जुन्या मारुती ८००चे पार्ट शोधत असाल तर हे आधी वाचा. द्वारका भागातल्या एका दुकानदाराने मला पुढची काच विकली, ‘जुना स्टॉक, नवीकोरी’ म्हणून. आमची गाडी १९८५ची. आरसी त्याच्यासमोर ठेवली होती. तरी म्हणाला, "दादा, ८०० म्हणजे ८००. इंजिन तेच, गाडी तीच. डोळे झाकून न्या."

इंजिनाचं तो खरंच बोलला, म्हणून विश्वास बसतो. डिसेंबर १९८३ला आलेली ८०० घ्या नाहीतर २०१४ला बंद पडलेली. इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं. चाकंही १२ इंचीच. पण १९८६मध्ये अख्खी बॉडी बदलली. तिथून पुढच्या गाडीची काच, दरवाजे, दिवे पहिल्या मॉडेलला लागत नाहीत. इंजिनातही नुसत्या सीसीवर जाऊ नका. पहिल्या अल्टोचं इंजिनही ७९६चंच, पण त्याला १२ व्हॉल्व्ह आणि ८००च्या नेहमीच्या इंजिनाला ६. मग एकाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, दुसऱ्याला कसं चालेल? रोज हेच विकणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, असं मी मुळीच मानत नाही.

सिडकोतल्या फिटरने काच चौकटीला लावून पाहिली. वरच्या कोपऱ्यात बोटभर फट, रबर काही केल्या बसेना. "ओढूनताणून बसवेन, पण पहिल्याच खड्ड्यात तडकेल," तो म्हणाला. मग त्याने काच उन्हात तिरकी धरली आणि माझं डोकंच फिरलं. वायपरने घासलेले अर्धगोल ओरखडे लख्ख दिसत होते, कडेला वाळक्या सीलंटचा काळा पट्टा. भंगारातल्या गाडीची काच पुसून नव्याच्या भावात विकलेली!

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: काच दुकानाबाहेर गेली की परत नाही. पावतीवर फक्त ‘८०० काच, १ नग’. ना साल, ना पार्ट नंबर, ना ‘वापरलेली’ असा शब्द. पावती मुद्दामच अशी मोघम केली जाते.

काच घेताना जुनी काच किंवा तिचा कागदी साचा सोबत न्या, माल उन्हात धरून बघा, आणि गाडीचं साल व ‘न बसल्यास परत’ हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर, तक्रार नोंदवली आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. कुणाला अशीच काच मिळाली असेल तर ती फेकू नका. पावतीसकट जपून ठेवा आणि तुम्हीही तक्रार करा.