चुंबक चिकटत नाही म्हणून ते ३०४ होत नाही

वेंगुर्ल्याकडे आमचं कोकमाचं घरगुती काम आहे. रतांबे (कोकमाची फळं) उतरले की आगळ (फळांचा खारवलेला रस) आणि अमृत कोकम (सरबताचा गोड पाक), एवढंच. गरम पाक तपेल्यातून ओतताना हात भाजतात, म्हणून यंदा छोटा मॅग्नेटिक पंप, नळी आणि स्टीलची फिटिंग असा संच घाटावरच्या एका विक्रेत्याकडून मागवला. त्याच्या जाहिराती सध्या आपल्याकडच्या बागायतदारांच्या आणि बचत गटांच्या ग्रुपवर फिरतायत, म्हणून हे लिहितोय.

कोटेशन व्हॉट्सअॅपवर आलं : ‘फूड ग्रेड सिलिकॉन नळी, एसएस ३०४ फिटिंग.’ एसएस ३०४ म्हणजे खाण्याच्या कामाला वापरतात ते चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील. सोबत एक व्हिडिओ. फिटिंगला चुंबक लावतो, ते गळून पडतं, आणि म्हणतो, “बघा दादा, अस्सल ३०४!”

सगळी लबाडी या चुंबकात आहे. २०२ नावाचं स्वस्त स्टील येतं, त्यालाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि त्या जागी मँगेनीज भरलेलं असतं. ३०४ मध्ये निकेल साधारण ८ टक्के किंवा जास्त आणि मँगेनीज २ टक्क्यांच्या आत. २०२ मध्ये मँगेनीज साडेसात ते दहा टक्के. दिसायला दोन्ही सारखीच चकचकीत. उलट अस्सल ३०४ सुद्धा वाकवलं, आटे पाडले की त्या जागी चुंबकाला थोडं ओढतं. म्हणजे या परीक्षेत खोटा माल पास आणि खरा नापास होऊ शकतो, आणि रोज हाच माल विकणाऱ्याला ते ठाऊक नाही हे मला पटत नाही.

आगळ म्हणजे मीठ आणि आंबट एकत्र. ते फिरवल्यावर आट्यांपाशी आणि वेल्डिंगच्या कडेला तपकिरी डाग धरले. (आगळ मुरत ठेवायला खरं तर ३०४ सुद्धा नको, मीठ त्यालाही खातं, तिथं ३१६ (मीठ जास्त सोसणारं स्टील) किंवा सरळ फूड ग्रेड प्लास्टिकचा पिंप.) कुडाळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे तुकडा नेला. त्याच्याकडे स्टील तपासायचं औषध असतं : एक थेंब टाकायचा, नऊ व्होल्टची बॅटरी लावायची. थेंब लालभडक झाला. ३०४ वर असा लाल होत नाही. तो म्हणाला, “चुंबक चिकटना नाय म्हणान ३०४ झाला काय?”

नळीची गोष्ट आणखी वाईट. सिलिकॉनची नळी उकळत्या पाकालाही दाद देत नाही. ही मात्र गरम पाक लागताच मऊ पडली, पंपाच्या ओढीच्या बाजूला चपटी झाली आणि पंप कोरडा घरघरायला लागला. असले पंप स्वतः हवा काढून द्रव ओढत नाहीत, कोरडे फिरले की आतून जळतात. वेळीच बटण बंद केलं म्हणून वाचला. सरबताला प्लास्टिकचा वास आला, तो घाणा ओतून दिला. नळीचा तुकडा काडीने पेटवला तर काळा धूर आणि नाकाला झोंबणारा वास. सिलिकॉन जळून पांढरी राख राहते. ही साधी पीव्हीसी होती.

पंप मात्र ठीक निघाला, फक्त त्याचे आटे एनपीटी (अमेरिकी पद्धतीचे) आणि फिटिंग बीएसपी (ब्रिटिश पद्धतीची). अर्ध्या इंचाला दोन्हींत इंचाला १४च आटे, त्यामुळे सुरुवातीला छान बसतात आणि मग अडकतात. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, सांधा घट्ट होत नाही. पंप पाक बाहेर टाकतो त्या बाजूला थेंब दिसतो तरी. ओढीच्या बाजूला काहीच गळत नाही, उलट हवा आत शिरते आणि पाकात फेस येतो.

तक्रार केल्यावर त्याने बिल पुढे केलं. कोटेशनवर ‘एसएस ३०४’, बिलावर नुसतं ‘पाइप फिटिंग’. “बिलात ग्रेड कुठाय साहेब?” नळीचे पैसे त्याने कटकट करून परत केले, फिटिंगला “वापरलेला माल परत नाही”.

आता १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, अशी भीती कुणी घातली तर २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा दाखवा : केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू ‘धंद्यासाठी घेतलेली’ धरली जात नाही. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी जिल्हा ग्राहक आयोगात फीसुद्धा नाही. कोटेशनचे स्क्रीनशॉट, तो व्हिडिओ आणि डागाळलेली फिटिंग मी जपून ठेवली आहेत.

परवा ओळखीच्या एका ताईंनी त्याच्याकडेच चौकशी केली, मी सांगितल्याप्रमाणे ग्रेड बिलावर लिहून द्या म्हणाल्या. त्याने पुन्हा चुंबकाचा व्हिडिओ पाठवला. त्यांनी बिलाचंच पुन्हा विचारलं, तेव्हापासून फोन उचलत नाही.