इर्सी की हेक्सचॅट? जुन्या संगणकावर आयआरसी सुरू करताना

पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची हार्डडिस्क. असं मशीन अजून कित्येक घरांत माळ्यावर धूळ खात पडलेलं असतं. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं की हार्डडिस्क करकरत राहते आणि माउसचा बाण जागचा हलत नाही, कारण दोन ओळी लिहिण्याआधी एक अख्खा ब्राउझर रॅममध्ये बसवावा लागतो. ३२ बिट लिनक्सवरचा क्रोम तर गूगलने मार्च २०१६ मध्येच बंद केला.

आयआरसीला, म्हणजे इंटरनेटवर नुसत्या मजकुराने गटात गप्पा मारण्याच्या जुन्या पद्धतीला, ब्राउझर लागतच नाही. १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ते लिहिलं. तेव्हापासून त्याचा गाभा तसाच आहे: सर्व्हरकडे साध्या मजकुराची एक ओळ जाते, सर्व्हर ती चॅनेलमधल्या, म्हणजे गप्पांच्या त्या खोलीतल्या, सगळ्यांना पोचवतो. त्यामुळे वीस वर्षांचं जुनं मशीनही या कामात कुठे अडत नाही. प्रोग्राम कोणता घ्यायचा, हा प्रश्न मात्र उरतो. इथे इर्सी आणि हेक्सचॅट या दोन मोफत प्रोग्रामांचं परीक्षण आहे. आमचं मत आधीच सांगतो: गप्पा इंग्रजीत करायच्या असतील तर इर्सी, देवनागरीत करायच्या असतील तर हेक्सचॅट. खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

आधी मशीन

विंडोज एक्सपीवर हे करू नये. मायक्रोसॉफ्टने तिचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला आणि आजच्या एनक्रिप्टेड जोडणीला लागणारं टीएलएस १.२ तिच्यात मुळात नाही. त्याऐवजी डेबियन १२ या मोफत लिनक्सची ३२ बिट आवृत्ती टाकावी. डेबियन १३ घ्यायला जाऊ नका, तिच्यात ३२ बिट मशीनसाठी इन्स्टॉलरच उरलेला नाही. डेबियन १२ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत मिळणार आहेत. डेस्कटॉपशिवाय तिला किमान २५६ एमबी रॅम लागते, ५१२ असेल तर काम सुखाने होतं. सॉफ्टवेअर निवडीच्या पडद्यावर डेस्कटॉपसमोरची खूण काढून टाका. रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड विचारला जाईल तेव्हा जागा रिकामी सोडा, म्हणजे तुमच्या वापरकर्त्याला सुडोचा, म्हणजे प्रशासकाच्या आज्ञा चालवण्याचा, अधिकार आपोआप मिळतो. तिथे पासवर्ड भरला तर नंतर सुडो चालत नाही आणि नवशिक्याचा तासभर त्यातच जातो.

त्याहीआधी कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदला. तो सीआर२०३२, ३ व्होल्टचा असतो. हा सेल मेला की मशीन प्रत्येक वेळी सुरू होताना तारीख कित्येक वर्षं मागे नेतं. मग सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र ‘अजून लागूच झालेलं नाही’ असं ठरतं आणि जोडणी तुटते. पडद्यावर चूक प्रमाणपत्राची दिसते, त्यामुळे लोक इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात. ‘डेट’ ही आज्ञा देऊन आजची तारीख येते का, एवढं आधी पाहावं.

नेटसाठी राउटरपासून वायर ओढा. त्या काळातल्या बऱ्याच वायफाय कार्डांना आजची सुरक्षा पद्धत कळत नाही. वायर शक्य नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून फोनमधलं यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो साधं नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो. यूएसबी १.१ चा वेगसुद्धा मजकुराला भरपूर होतो.

इर्सी

‘सुडो एपीटी इन्स्टॉल इर्सी’ म्हटलं की मिनिटभरात काम होतं. टिमो सिरायनेन यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला हा प्रोग्राम फक्त अक्षरांच्या पडद्यावर चालतो आणि रॅम अगदी थोडी घेतो. उघडल्यावर ‘/सेट निक’ लिहून पुढे टोपणनाव द्या, मग ‘/कनेक्ट लिबेराचॅट’. लिबेरा.चॅट हे मे २०२१ मध्ये सुरू झालेलं नेटवर्क आहे. जुन्या फ्रीनोड नेटवर्कचे स्वयंसेवक तिथून बाहेर पडले आणि त्यांनी ते उभं केलं. मुक्त सॉफ्टवेअरचे बरेच प्रकल्प आज तिथे भेटतात. टोपणनाव १६ अक्षरांपर्यंत आणि इंग्रजी लिपीतच चालतं. ‘ऋतुजा’ असं देवनागरीत घेता येत नाही, याचं वाईट वाटतं. जोडणी एनक्रिप्टेड पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) ६६९७ वरून झाली आहे ना, हे पहिल्या काही ओळींत पाहा. ६६६७ दिसलं तर मजकूर उघड्यावर जातो आहे.

आता ‘/जॉइन #इर्सी’ म्हणून चॅनेलमध्ये जा. प्रत्येक चॅनेल वेगळ्या खिडकीत उघडतं. ऑल्ट आणि आकडा दाबला की खिडकी बदलते. काही कीबोर्डांवर ऑल्ट ऐकत नाही, तिथे एस्केप दाबून सोडावं आणि मग आकडा द्यावा. जुना मजकूर पेजअपने दिसतो. खालच्या पट्टीत ‘अ‍ॅक्ट’पुढे आकडा दिसला की त्या खिडकीत नवं काही आलं. मोठ्या चॅनेलमध्ये ‘अमुक आला, तमुक गेला’ याच ओळींनी पडदा भरतो. ‘/इग्नोर’ लिहून चॅनेलचं नाव आणि मग जॉइन्स, पार्ट्स, क्विट्स हे तीन शब्द दिले की शांतता होते. सेटिंग बदलल्यावर ‘/सेव्ह’ द्या, म्हणजे त्या लगेच साठवल्या जातात.

इर्सीची एक गोष्ट फार आवडते. पाचपेक्षा जास्त ओळी एकदम चिकटवल्या तर तो थांबून विचारतो: कंट्रोल-के दाबलं तर पाठवतो, कंट्रोल-सी दाबलं तर सोडून देतो. ज्या प्रोग्रामात हा अडसर नाही तिथे नवखा माणूस एरर मेसेजच्या चाळीस ओळी चॅनेलमध्ये ओततो आणि सर्व्हर त्याला ‘एक्सेस फ्लड’ म्हणून बाहेर फेकतो. लांब मजकूर पेस्ट.डेबियन.नेटसारख्या ठिकाणी टाकावा आणि चॅनेलात फक्त दुवा द्यावा.

नाव नोंदवणं

हे पहिल्याच दिवशी करा. काही चॅनेलं बिननोंदणीच्या माणसाला आत घेत नाहीत. काही इंटरनेट पत्त्यांवरून तर ‘सॅसल’ने, म्हणजे जोडतानाच नाव आणि पासवर्ड देण्याच्या पद्धतीने, ओळख पटवल्याशिवाय सर्व्हर जोडणीच देत नाही. मोबाइल डेटावर एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या कुणी केलेल्या उपद्व्यापाचा फटका तुम्हाला बसू शकतो. असं झालं तर नोंदणीपुरती दुसरी जोडणी वापरा.

पहिल्या, म्हणजे स्टेटसच्या खिडकीत ‘/एमएसजी निकसर्व्ह रजिस्टर’ लिहून पुढे पासवर्ड आणि ईमेल द्या (निकसर्व्ह म्हणजे नावं नोंदवणारी नेटवर्कची सेवा). ईमेलमध्ये एक कोड येतो, तो ‘व्हेरिफाय रजिस्टर’च्या आज्ञेने लगेच परत पाठवा. ही आज्ञा चॅनेलच्या खिडकीत कधीही टाइप करू नये. तिरप्या रेघेआधी चुकून एक मोकळी जागा पडली की ती आज्ञा राहत नाही, साधा संदेश होते आणि तुमचा पासवर्ड शेकडो लोकांसमोर जातो. असं झालं तर त्याच क्षणी पासवर्ड बदला.

रोज हाताने ओळख पटवण्यापेक्षा सॅसल एकदाच बसवून टाकावं. इर्सीत ‘/नेटवर्क अ‍ॅड’च्या पुढे सॅसल मेकॅनिझम प्लेन, सॅसल युजरनेम आणि सॅसल पासवर्ड हे तीन पर्याय द्यायचे: प्रत्येकाच्या सुरुवातीला आडवी रेघ, शब्दांच्या मध्ये खालची रेघ, आणि ओळीच्या शेवटी लिबेराचॅट. हा पासवर्ड सेटिंगच्या फाइलमध्ये उघडा साठवला जातो, म्हणून तो ईमेलचा किंवा बँकेचा नसावा. नंतर ‘#लिबेरा-क्लोक’ या चॅनेलमध्ये जाऊन ‘!क्लोकमी’ लिहिलं की तुमचा इंटरनेट पत्ता इतरांना दिसेनासा होतो. तोवर तो कुणालाही पाहता येतो.

मराठी लिहायचं असेल तर

इथे इर्सी उणा पडतो, आणि त्यात त्याची स्वतःची चूक फारशी नाही. लिनक्सच्या साध्या काळ्या पडद्यावर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षरचिन्हं बसतात आणि जोडाक्षर जोडण्याची सोयच तिथे नाही. देवनागरी आली की चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. खिडक्यांचं वातावरण चढवून एक्सटर्म या आज्ञांच्या खिडकीत इर्सी उघडला, तरी अक्षरं सुटी पडतात: ‘स्त्री’मधले स, त आणि र पाय मोडून वेगळे उभे राहतात. असं वाचून गप्पा मारणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

हेक्सचॅट अक्षरं जुळवण्याचं काम पँगो या घटकाकडे सोपवतो, त्यामुळे जोडाक्षरं, रफार, वेलांट्या सगळं जागच्या जागी येतं. त्यासाठी चार पॅकेजेस पुरतात: झॉर्ग (चित्रमय पडदा), आइसडब्ल्यूएम (खिडक्या सांभाळणारा), हेक्सचॅट आणि फॉन्ट्स-लोहित-देवा (देवनागरी अक्षरं). आइसडब्ल्यूएम इतका हलका आहे की ५१२ एमबीत हे सगळं बसतं. गनोम किंवा केडीई यांसारखा जड डेस्कटॉप चढवला तर बसणार नाही. टंकलेखनासाठी कीबोर्डच्या मांडणीत ‘मराठी, कागापा’ हा फोनेटिक प्रकार आहे, तो सेटएक्सकेबीमॅप या आज्ञेने इंग्रजीच्या जोडीला ठेवता येतो. सगळीकडे प्रश्नचिन्हंच दिसत असतील तर सिस्टिमची भाषा-मांडणी यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या साठवण्याची पद्धत) नाही. ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स’ चालवून ती निवडा आणि मशीन पुन्हा सुरू करा.

हेक्सचॅट उघडताच नेटवर्कची यादी येते. लिबेरा.चॅट निवडून ‘एडिट’ दाबा, एसएसएल वापरण्याच्या चौकटीत खूण असू द्या, लॉगिनची पद्धत सॅसल ठेवा. खोटी प्रमाणपत्रं स्वीकारण्याची चौकट मात्र रिकामीच हवी. जोडणी होत नाही म्हणून तिथे खूण करणाऱ्यांचा खरा दोष बहुतेकदा तारखेत असतो, वर सांगितलेल्या सेलमुळे.

मराठीची आणखी एक अडचण प्रोग्राम बदलूनही सुटत नाही. आयआरसीचा एक संदेश जास्तीत जास्त ५१२ बाइटचा, त्यात तुमचं नाव, पत्ता, चॅनेलचं नाव हे सगळं आलं. हाती साधारण ४२० बाइट उरतात. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटात बसतं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘स्त्री’ या एका शब्दाचे १८ बाइट होतात, ‘नमस्कार’चे २१. म्हणजे सुमारे १४० चिन्हांत एक संदेश संपतो. दोन्ही प्रोग्राम लांब मजकूर आपणहून तोडून पुढच्या संदेशात पाठवतात, पण वाचणाऱ्याला वाक्य मध्येच कापलेलं दिसतं. वाक्य छोटं ठेवून स्वतःच एन्टर मारलेलं बरं.

वीज आणि राहून गेलेल्या गप्पा

सर्व्हर जुने संदेश साठवून ठेवत नाही. मशीन बंद असताना जे बोललं गेलं ते तुमच्यापर्यंत येत नाही. प्रश्न विचारून पाच मिनिटांत निघून जाऊ नये, उत्तर तासाभराने येतं. लिबेरावरचे बरेच लोक युरोप-अमेरिकेतले आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या सकाळपेक्षा संध्याकाळ आणि रात्र जास्त जागी असते. ‘एक प्रश्न विचारू का?’ असं विचारत बसू नये, प्रश्नच विचारावा.

म्हणून मशीन दिवसरात्र चालू ठेवावं असं वाटेल, पण हिशेब करून पाहा. पेंटियम ४ चं कॅबिनेट ८० वॅट खात असेल तर दिवसाला जवळपास २ युनिट आणि महिन्याला ५८ युनिट जातात, तेही मॉनिटर सोडून. घरात रास्पबेरी पाय (कमी वीज खाणारा छोटा संगणक) असेल तर इर्सी त्यावर टीमक्समध्ये, म्हणजे तुम्ही गेल्यावरही प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या साधनात, चालू ठेवावा आणि जुन्या मशीनवरून एसएसएचने (दुसऱ्या संगणकात दुरून शिरण्याच्या सुरक्षित पद्धतीने) त्याला जोडून घ्यावं. कंट्रोल-बी आणि मग डी दाबलं की तुम्ही सुटता, इर्सी तिथेच बसून राहतो. हेक्सचॅटवाल्यांसाठी हेच काम झेडएनसी नावाचा बाउन्सर करतो. तो तुमच्या वतीने जोडलेला राहतो आणि परत आल्यावर मधला मजकूर हाती देतो.

हेक्सचॅट निवडणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: फेब्रुवारी २०२४ मधली २.१६.२ ही त्याची शेवटची आवृत्ती असं त्याच्या निर्मात्यांनी जाहीर केलं आहे. आज तो नीट चालतो आणि मराठीसाठी या मशीनवर याहून चांगलं आम्हाला दुसरं काही सुचवता येत नाही. पण नवी सोय आता त्यात येणार नाही.